रामही उदास झाला होता

रामटेकच्या गडावर ज्या रामाच्या दर्शनासाठी माणसे पायऱ्या चढतात, तो राम सोळा वर्षांचा होण्याआधीच एकदा पार खचून गेला होता. ही कथा योगवासिष्ठात आहे. तीर्थयात्रा करून राम अयोध्येला परतला आणि काही दिवसांनी त्याचे मन कशातच लागेना. अन्नावरची वासना उडाली. दागिने, वस्त्रे नकोशी झाली. रोजची स्नानसंध्यासुद्धा सेवकांनी आठवण करून दिली तरच व्हायची. गालाला हात लावून तो एकटाच बसून राहायचा, रोडावत चालला होता, आणि वडिलांनी खोदून खोदून विचारले तरी काही बोलत नव्हता.

पुढे विश्वामित्र यज्ञाच्या रक्षणासाठी रामाला मागायला दशरथाच्या दरबारी आले. रामाची अवस्था कळल्यावर त्यांनी त्याला सभेत बोलावून घ्यायला सांगितले. राम आला आणि बोलू लागला. पैसा, आयुष्य, अहंकार, मन, हाव, देह, बालपण, तारुण्य, म्हातारपण, काळ. एकेक विषय घेऊन तो सांगत गेला की यातल्या कशातच आपल्याला आधार सापडत नाही. योगवासिष्ठाचे पहिले प्रकरण, वैराग्य प्रकरण, बहुतांशी या एका मुलाच्या बोलण्याने भरले आहे. समोर वसिष्ठांसारखा गुरू आणि विश्वामित्रांसारखा तापट ऋषी बसलेला, पण त्याला मध्येच कोणी तोडत नाही. त्याचे सगळे बोलून झाल्यावर वसिष्ठांची शिकवण सुरू होते, आणि तिच्या सुरुवातीलाच ते भर देतात प्रयत्नावर. दैव म्हणून वेगळे काही नसते, आपलेच मागचे प्रयत्न दैव होऊन समोर येतात आणि आजच्या नेटाच्या प्रयत्नाने ते मागे हटवता येतात, असे ते रामाला सांगतात.

धर्मग्रंथ रोजच्या जगण्यात कसे आणायचे, यावर सध्या भरपूर बोलले आणि लिहिले जाते. प्रवचने होतात, शिबिरे होतात, सकाळी मोबाइल उघडला की सुविचार येतात. यातला बहुतेक भाग उत्तरांचा असतो. दुःख करू नका, आशा सोडा, सगळे देवावर सोपवा. ही उत्तरे खोटी नाहीत. पण ज्या ग्रंथांतून ती घेतली, त्या ग्रंथांनी उत्तर देण्याआधी माणसाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले आहे, आणि नेमके तेच आपण गाळून टाकले आहे.

गीतेचेच पाहावे. सातशे श्लोकांच्या या ग्रंथाचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाला दिलेला आहे. अर्जुन आपल्या शरीराचे काय होते आहे ते बारकाईने सांगतो. हातपाय गळाले आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कंप सुटला आहे, कातडीची आग होते आहे, गांडीव हातातून निसटते आहे, उभे राहवत नाही, डोके गरगरते आहे. मानसोपचारतज्ज्ञांकडे घाबरगुंडीचा झटका येऊन गेलेला माणूस आला तर तो जवळपास हेच सांगतो. त्या संपूर्ण अध्यायात श्रीकृष्ण ‘जमलेले हे कौरव पाहा’ अशा अर्थाचे एकच वाक्य बोलतात. बाकीचा वेळ ते ऐकतात. अर्जुन धनुष्य टाकून रथात बसतो, तिथे अध्याय संपतो. कृष्णाचा उपदेश सुरू होतो तो दुसऱ्या अध्यायात.

घराघरांत याच्या उलट चालते. नीटच्या परीक्षेत दुसऱ्यांदा मागे पडलेला मुलगा, एमपीएससीच्या जाहिरातीची वाट पाहून थकलेली मुलगी, लग्न मोडून माहेरी आलेली बहीण जेमतेम बोलायला सुरुवात करतात तोच वडीलधाऱ्यांचा उपदेश सुरू होतो. गीतेचा दाखलाही त्यातच येतो. गीता जगण्यात आणायची असेल तर आधी तिचा पहिला अध्याय आणायला हवा. घरातले माणूस बोलत असताना अर्धा तास मध्ये न बोलणे ही मोठी साधना आहे, आणि तिला ना आसन लागते ना माळ.

नागपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या रामटेकमध्ये शांती शोधत येणाऱ्यांची परंपरा फार जुनी आहे, आणि तिच्यात शिकण्यासारखे खूप आहे. संशोधक वा. वि. मिराशींनी ज्या रामटेकला मेघदूतातला रामगिरी ठरवले, तिथे कालिदासाने एका यक्षाला आणून ठेवले. सीतेच्या स्नानाने पावन झालेले पाणी, गर्द सावली देणारी झाडे, आश्रम, एकांत. आजच्या शिबिरांच्या जाहिरातीत जे जे असते ते सगळे त्याला मिळाले होते. तरी आठ महिन्यांत तो इतका वाळला की मनगटातले सोन्याचे कडे गळून पडले. कामात हयगय केली म्हणून कुबेराने त्याला वर्षभर हद्दपार केले होते. मागे सोडून आलेले माणूस आणि मागे राहिलेले काम मनात घेऊन जो डोंगरावर जातो, त्याला डोंगर काय देणार? मेघदूताच्या शृंगाराचे कौतुक खूप झाले. त्यातली ही गोष्ट रामटेकला येणाऱ्या प्रत्येकाने सोबत न्यावी अशी आहे.

दुसरा माणूस रामटेकसाठी निघाला आणि वाटेतच थांबला. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव जुगारात हरला. देणे फेडायला त्याने बायकोकडे दागिने मागितले, तिने नकार दिला, आणि त्याचे मन संसारातून उडाले. त्याने वडिलांकडे रामटेकच्या यात्रेला जाण्याची परवानगी मागितली. वाटेत लवाजमा मागे सोडून तो एकटाच पुढे गेला आणि अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला गोविंदप्रभूंना भेटला. तोच पुढे चक्रधरस्वामी झाला, असे लीळाचरित्र सांगते. या कथेत नजरेत भरते ती पुढची गोष्ट. ज्ञान मिळाल्यावर चक्रधर कायमचे एकांतात राहिले नाहीत. ते महाराष्ट्रभर पायी हिंडले, संस्कृत सोडून लोकांच्या मराठीत बोलले, आणि बायका-शूद्रांना ज्ञानाचा अधिकार नाही म्हणणाऱ्या काळात त्यांनी त्यांना जवळ बसवले. रामटेकला भोगरामाचे मंदिर आहे, चक्रधरांचे अनुयायी असलेले महानुभाव तिथे आजही श्रद्धेने येतात.

आणि तिसरी व्यक्ती, जिची आठवण फार कमी लोक काढतात, ती प्रभावतीगुप्ता. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून. नवरा दुसरा रुद्रसेन वारला तेव्हा मुले लहान होती. तिने शोक करत दिवस काढले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. तिने नंदिवर्धनाहून, म्हणजे आजच्या नगरधनहून, मुलाच्या नावाने राज्य चालवले. पुण्याला सापडलेला तिचा ताम्रपट या कारभाराच्या तेराव्या वर्षाचा आहे. रिद्धपूरच्या ताम्रपटात तिने दान दिले ते रामगिरीस्वामींच्या चरणांपाशी. भक्ती होती, नित्याची होती, आणि तिच्या शेजारी राज्याचा हिशेब होता. पंधराशे वर्षांहून आधीची ही विधवा राणी रामटेकच्या शाळांतल्या प्रत्येक मुलीला माहीत असायला हवी.

ग्रंथांतली रोजच्या उपयोगाची शिकवण बहुधा साधीच असते. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग कोणाला साधत नाही ते सांगितले आहे: फार खाणाऱ्याला नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, फार झोपणाऱ्याला नाही आणि जागत राहणाऱ्यालाही नाही. सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार येतात. त्यांतल्या वाणीच्या तपात कोणाला न दुखावणारे, खरे, गोड आणि हिताचे बोलणे मोडते, आणि मनाची प्रसन्नता राखणे हेही तप म्हणून मोजले आहे. दुसऱ्या अध्यायात मन घसरते कसे याची साखळी दिली आहे. एखाद्या गोष्टीचा ध्यास लागतो, ध्यासातून ओढ, ओढीतून इच्छा, इच्छा अडली की राग, रागातून भ्रम, भ्रमातून भान जाते आणि शेवटी बुद्धीच बुडते. रात्री साडेअकराला अंथरुणात मोबाइल धरलेल्या कोणाही माणसाला ही साखळी स्वतःवर लावून पाहता येईल. शेजाऱ्याच्या नव्या गाडीचा फोटो दिसतो, मग त्याच्या मुलाच्या परदेशी नोकरीचा, मग आपल्या हप्त्यांची आठवण येते, आणि पाणी द्यायला आलेल्या बायकोवर आवाज चढतो. ही साखळी पहिल्या कडीला तोडणे सोपे, पाचव्या कडीला फार अवघड. समर्थांनी तर मनालाच समोर बसवून त्याच्याशी बोलणारे दोनशे पाच श्लोक लिहिले. मराठी घरांतली मुले ते पाठ म्हणतात, पण संध्याकाळी त्यातला एक श्लोक घेऊन त्यावर दोन शब्द बोलणारे घर विरळाच.

हे सारे मान्य करूनही एका गोष्टीला ठाम विरोध करायला हवा. फळाची आशा सोड, ही गीतेची शिकवण आज अनेकदा चुकीच्या माणसाला ऐकवली जाते. रामटेक-मौद्याकडच्या बांध्यांत गुडघाभर चिखलात रोवणी करून पिकवलेले धान ज्याने केंद्रावर नेऊन घातले आणि ज्याचे चुकारे अडकले आहेत, त्याला ‘फळाची अपेक्षा ठेवू नये’ असे सांगणे हा गीतेचा अर्थ नाही. ती शिकवण दिली गेली हाती शस्त्र आणि मागे सैन्य असलेल्या वीराला, त्याने कर्तव्यापासून पळ काढू नये म्हणून. शेतकऱ्याचा चुकारा हा त्याच्या घामाचा हक्क आहे, आणि तो मागणे हेही कर्मच आहे. या उपदेशाची गरज चुकारे वाटणाऱ्या खुर्चीला आहे, कारण नेमून दिलेले काम वेळेवर आणि स्वतःचा फायदा न पाहता करणे हाच त्याचा सरळ अर्थ होतो. शांतीच्या नावाखाली अन्याय सोसायला शिकवणारा प्रवचनकार कितीही गोड बोलला तरी तो गीतेपासून दूर गेलेला असतो.

याच गडाच्या परिसरात धूम्रेश्वराचे स्थान आहे, आणि स्थानिक परंपरा त्याचा संबंध शंबूकाशी जोडते. शूद्र असून तप केले म्हणून रामाने शंबूकाचा वध केला ही रामायणाच्या उत्तरकांडातली कथा. उत्तरकांड हा मागाहून जोडलेला भाग आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात, पण तेवढे म्हणून प्रश्न मिटत नाही, कारण शतकानुशतके ही कथा सांगितली गेली आणि तिचा आधार घेऊन माणसांना दूर ठेवले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिव्यवस्थेच्या उच्छेदावरच्या आपल्या निबंधात शंबूकाच्या कथेचा रोखठोक समाचार घेतला, आणि पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरातच लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. मनःशांतीवर बोलताना रामटेकच्या माणसाने या पानावरून नजर वळवू नये.

विदर्भाच्या एका कवीने ती वळवली नव्हती. भवभूती मूळचा विदर्भातल्या पद्मपूरचा. मिराशींनी ते आजच्या गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळ दाखवले. आठव्या शतकात लिहिलेल्या त्याच्या उत्तररामचरितात शंबूकावर शस्त्र उगारताना रामाचा हात उठत नाही. राम स्वतःच्या उजव्या हाताला टोचून बोलतो की गर्भवती सीतेला टाकणाऱ्या रामाचा तू हात, तुला कसली दया? म्हणजे बाराशे वर्षांपूर्वी ग्रंथ वाचणाऱ्या एका ब्राह्मण कवीच्या मनाला ही कथा टोचली होती आणि त्याने ती टोचणी रामाच्याच तोंडी घातली. श्रद्धेने वाचणे म्हणजे असे वाचणे. गीतेच्या अठराव्या अध्यायात सगळे सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात की याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. देव ज्याला विचाराचे स्वातंत्र्य देतो, त्याचे ते स्वातंत्र्य कोणा बुवाने काढून घ्यावे, हे सहन करण्याचे कारण नाही.

आता अंबाळ्याकडे वळू. गडाखालच्या अंबाळा तलावाच्या घाटांवर विदर्भातून माणसे अस्थी घेऊन आणि पिंडदानासाठी येतात. नुकतेच डोके भादरलेला तरुण, त्याच्या मागे कळशी धरून बसलेला भाऊ, दर्भावर ठेवलेले भाताचे पिंड, आणि कावळ्याची वाट पाहत झाडाकडे लागलेले सगळ्यांचे डोळे. या क्षणी माणूस जितका ऐकायला तयार असतो तितका एरवी कधी नसतो. अशा वेळी अनेक घरांत दहा दिवस गरुडपुराणातल्या यातनांचे वर्णन वाचले जाते आणि पुढे तेरवीच्या जेवणासाठी कर्ज काढले जाते. बाप गेलेल्या मुलाला भीती आणि देणे देऊन कसली शांती मिळणार? त्याच्यासाठी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला जुने कपडे टाकून नवे घेण्याचा दाखला कोणी शांतपणे मराठीत समजावून सांगितला, नचिकेता मृत्यूच्या दारात उभा राहून प्रश्न विचारतो ती कठोपनिषदातली गोष्ट सांगितली, आणि तेरवीत पंगत नको, त्या पैशात बियाणे घे असे सांगण्याचे धाडस केले, तर ते पौरोहित्य खरे. ग्रामगीतेत अंत्यसंस्कारांवर स्वतंत्र अध्याय लिहावा असे तुकडोजी महाराजांना वाटले, त्यामागे गावोगाव पाहिलेले हेच दुःख असणार.

तुकडोजींचा रामटेकशी संबंध सरळ आहे. १९०९ साली यावलीत जन्मलेल्या या मुलाने लहानपणी आणि तरुणपणी रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोड्याच्या रानांत साधना केली. मग ते खंजिरी घेऊन गावात आले. १९४२ साली तुरुंगात गेले. त्यांच्या ग्रामगीतेत एकेचाळीस अध्याय आहेत, आणि विषयांची यादीच पुरेशी बोलकी आहे: संसार-परमार्थ, ग्राम-आरोग्य, गरिबी-श्रीमंती, श्रम-संपत्ती, महिलोन्नती, वैवाहिक जीवन, यात्रा-मेळे. शौचकूप, विहीर, लग्नखर्च हे ज्या ग्रंथाचे विषय होऊ शकतात, त्याला धर्मग्रंथ म्हणायला विदर्भाच्या गावांना कधी अडचण वाटली नाही. सामुदायिक प्रार्थनेला ओळीत बसलेल्या माणसांत शेजारी कोण बसले आहे, कोण चार दिवस आलेले नाही, हे लक्षात येते. एकटेपणावर याहून स्वस्त औषध कोणते, असा प्रश्न विचारावासा वाटतो.

औषधाचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलायला हवे. प्रत्येक उदासी ग्रंथाने जात नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, बारा राज्यांत, १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि बहुतेक विकारांत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. झोप आठवड्यामागून आठवडे उडाली, जगणे नको वाटू लागले, तर ती भक्तीतली उणीव समजू नये. अशा माणसाला अंगारा-धुपाऱ्यात अडकवून ठेवणे हा गुन्हाच आहे. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय ब्रिटिश काळापासून आहे, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर ऑक्टोबर २०२२पासून फोनवर मोफत सल्ला मिळतो. योगवासिष्ठातल्या दशरथानेही मुलाला लपवून ठेवले नाही. त्याने जाणत्यांसमोर त्याची अवस्था उघड केली.

रामटेकला एक मोठी सोय आहे, ती फार थोड्या तीर्थांना आहे. १९९७ साली स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ इथे आहे. ग्रंथ मुळातून वाचू शकणारी माणसे या तालुक्यात राहतात, आणि ती ते लोकांना मराठीत सांगू शकतात. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळेना, तिने मुलाला तूच मराठीत कर म्हटले, आणि ती गेल्यावर बारा वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांनी गीताई लिहायला घेतली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात अठरा रविवार त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तुरुंगाला जे जमले ते विद्यापीठाला आणि गडाला जमू नये असे काही नाही.

कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला गडावर मोठी गर्दी होते. हलक्या धानाची कापणी तोवर उरकलेली असते, माणसांच्या हाती थोडा वेळ असतो. तेव्हापासून आठवड्याला एक संध्याकाळ, अशा अठरा संध्याकाळी, गडाच्या पायथ्याशी मराठीतून गीता सांगितली जावी. सांगणाऱ्यांत स्त्रिया असाव्यात, धूम्रेश्वराचा प्रश्न कोणी विचारला तर त्याला गप्प बसवू नये, आणि शेवटचा तास ऐकणाऱ्यांच्या बोलण्यासाठी राखून ठेवावा. उपजिल्हा रुग्णालयातला एक डॉक्टर किंवा समुपदेशक त्या मंडपात एका टेबलाशी बसलेला असावा, आणि १४४१६ हा आकडा गाड्या लावतात तिथल्या फलकावर मोठ्या अक्षरांत रंगवलेला असावा. यासाठी कोणत्याही नव्या निधीची वाट पाहायला नको. विद्यापीठ, देवस्थान आणि नगरपरिषद यांनी एका बैठकीत ठरवले तर याच कार्तिकापासून सुरुवात होऊ शकते.